पाटलाच्या लेकीची सही

पवन मावळातल्या आमच्या घराच्या दारावर एक पितळी पाटी आहे. तिच्यावर आजोबांचं नाव आणि पुढे 'पाटील'. आमचं आडनाव पाटील नाही. पाटीलकी हा हुद्दा होता, तो 1962च्या कायद्याने 1 जानेवारी 1963 पासून संपला. पाटी मात्र दर दिवाळीला चिंचेने घासली जाते. आजोबांनंतर ती माझ्या वडिलांची झाली, आता भावाची आहे. घासण्याचं काम आजीकडून आईकडे आणि आईकडून वहिनीकडे आलं. एवढा एकच वारसा आमच्यात बायकांच्या बाजूने चालतो!

गेल्या महिन्यात भावाचा फोन आला. रस्त्यालगतच्या जमिनीचा व्यवहार ठरतो आहे, आम्ही दोघी बहिणींनी येऊन हक्कसोडपत्र करून द्यावं. वर म्हणाला, "आत्यांनी नाही का दिलं? पाटलाच्या लेकी आहात तुम्ही." या शेवटच्या वाक्याने मी अडले. जमीन मागते आहे ती सही, आणि तिच्यासाठी पुढे केला जातो आहे तो किताब. या दोहोंचा संबंध काय?

किताब आणि मालमत्ता एकाच वाटेने चालतात, ही काही फक्त मावळातली रीत नव्हे. इंग्लंडात उमरावांचे बहुतेक वंशपरंपरागत किताब आजही फक्त पुरुष वारसालाच मिळतात. घरात चार मुली असल्या आणि मुलगा नसला, तर कुठला तरी दूरचा चुलतभाऊ शोधला जातो. तोही नसला तर किताब संपतो, पण मुलीला जात नाही. अपवाद करायचा तर खास तजवीज लागते. आपले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांना मुलीच होत्या, म्हणून त्यांच्या किताबासाठी तशी तजवीज केलेली होती आणि 1979 मध्ये तो थोरल्या मुलीला मिळाला. राजगादीचा नियम 2013 साली बदलला. धाकटा भाऊ आता मोठ्या बहिणीच्या पुढे जात नाही. उमरावांच्या घरात मात्र तो बदल शिरला नाही. राणी चालते, सरदारीण चालत नाही!

आपल्याला हसू येईल. पण तळेगावला जाऊन बघा. दाभाड्यांच्या तळेगावात उमाबाई दाभाडे यांची समाधी आहे. पती खंडेराव दाभाडे हे शाहू छत्रपतींचे सेनापती. ते 1729 मध्ये वारले. मुलगा त्र्यंबकराव सेनापती झाला आणि 1 एप्रिल 1731 रोजी डभईच्या लढाईत बाजीरावाच्या फौजेशी लढताना मारला गेला. शाहू महाराज उमाबाईंची समजूत काढायला स्वतः तळेगावला आले. पद कोणाला दिलं? धाकट्या यशवंतरावाला. कारभार कोणी केला? उमाबाईंनी. गुजरातच्या महसुलाचा तंटा त्यांनी पेशव्यांशी वर्षानुवर्षे चालवला, 1750 मध्ये ताराबाईंच्या बाजूने उभ्या राहिल्या, त्यापायी कैद सोसली आणि 1753 मध्ये वारल्या. आज भाषणांतून त्यांना मराठ्यांची एकमेव स्त्री सरसेनापती म्हणतात. म्हणोत, मला आनंदच आहे. पण हयातीत पदाची वस्त्रं मुलाच्या अंगावर आणि जबाबदारी आईच्या, अशीच वाटणी होती. बाईला तलवार देतील, सनद देणार नाहीत.

कोणी म्हणेल, ते जुने दिवस. मग 1886चा कायदा बघू. वतनाच्या वारसाबाबत मुंबई सरकारने त्या साली दुरुस्ती केली, ती अशी: शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली, तर वतनदार घराण्यातली कोणतीही स्त्री, आणि स्त्रीच्या नात्याने हक्क सांगणारा कोणीही, त्या घराण्यातल्या प्रत्येक लायक पुरुषाच्या मागे उभा राहील. म्हणजे सख्खी मुलगी दारात उभी असताना चार पिढ्यांपलीकडचा भाऊबंद वतन घेऊन जाणार. विधवेला घेतलं होतं, पण तिनेही भाऊबंदांतला एखादा पोरगा दत्तक घ्यावा म्हणून घरोघर केवढा दबाव असे, ते आपल्या आज्यांनी पाहिलेलं आहे. तेव्हा 'आमच्यात लेकी मागत नाहीत' ही काही मावळच्या मातीतून उगवलेली रीत नाही. निदान वतनापुरती तरी ती सरकारी कागदावर लिहून घट्ट केलेली आहे. लिहिलेलं खोडता येतं.

आणि ते खोडलंही गेलं आहे. वतनं गेली. वतनी जमिनी रक्कम भरून घेऊन पुन्हा वतनदारांनाच दिल्या गेल्या. मग जमीन एकट्या थोरल्याची की सगळ्यांची, यावर भाऊभाऊ भांडत दिल्लीपर्यंत गेले. 1982 साली कुंदगोळच्या देसगतीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वतन संपलं तशी थोरलेपणाची मक्तेदारीही संपली, जमीन वाटपाला खुली आहे. त्या दाव्यात धाकट्या भावाने हक्क मागितला तर कोणी त्याला घराण्याच्या मानाची आठवण करून दिली असेल का? भावाने मागितला तर तो हिस्सा, बहिणीने मागितला तर तो हावरटपणा.

बहिणींचं काय झालं? 1956च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यात हिस्सा दिला, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मुलग्यांचाच ठेवला. राहत्या घराची वाटणी मागायचीही तिला मुभा नव्हती. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलीला जन्मतः हक्क दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या बाहेर राहिल्या. जणू मंगळसूत्र घातलं की जन्म बदलतो! 2005च्या दुरुस्तीने लग्नाची अट गेली, घराच्या वाटणीची आडकाठीही गेली. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की 2005 साली वडील हयात होते की नव्हते, यावर मुलीचा हक्क अवलंबून नाही.

कायदा पुढे गेला तसं हक्कसोडपत्राचं महत्त्व वाढलं. पूर्वी बहिणीला हक्कच नव्हता, सोडायचं काय? आता आहे, म्हणून तो काही शेकडा रुपयांच्या मुद्रांकावर काढून घ्यायचा. माझ्या आत्यांनी द्रुतगती मार्गाच्या धामधुमीत सह्या केल्या. धाकटी आत्या सांगते, सकाळी गाडी न्यायला आली, कचेरीबाहेर वडापाव-चहा झाला, कागद कोणी वाचून दाखवला नाही, संध्याकाळी प्रत्येकीला एक साडी. साडी जरीची होती, हे ती आवर्जून सांगते. पुढे नवऱ्याच्या आजारपणात तिने भावाकडे उसने पैसे मागितले. मागितले म्हणते मी, हिशेब केला तर ते तिचेच होते.

भाऊ वाईट नसतात, हे मला मान्य आहे. माझाही नाही. बहिणी का सह्या करतात तेही मला कळतं. माहेर हा बाईचा शेवटचा आसरा, आणि हिस्सा मागितला की ते दार बंद होईल ही भीती खरी आहे. भाऊबीज, लेकीचं बाळंतपण, सासरी भांडण झालं तर चार दिवस राहायची जागा, हे सगळं त्या सहीत तारण पडलेलं असतं. म्हणून 'सही करूच नका' असं शहरात बसून सांगणं मला प्रामाणिक वाटत नाही. एवढं मात्र प्रत्येकीने करावं. आधी सातबारा आणि फेरफार हातात घ्यावा. आपल्या वाट्याला किती गुंठे येतात आणि त्याचा बाजारभाव काय, ते कागदावर मागावं. बोलावलं त्याच दिवशी सही करू नये, कागद घरी आणून वाचावा. सोडायचंच असेल तर काय सोडतो आहोत ते कळून सोडावं. फसवून घेतलेल्या सहीविरुद्ध दावा करता येतो खरा, पण तोवर जमिनीवर लोणावळ्यासारखा बंगला उभा राहिलेला असतो, आणि वकिलाची फी साडी विकून येत नाही.

आम्ही दोघी बहिणींनी भावाला पत्र लिहिलं आहे. व्यवहार किती गुंठ्यांचा, भाव काय, आईचा वाटा कुठे आहे, हे कळव, मग बसून बोलू. पाटीचंही लिहिलं आहे. ती खाली उतरवावी असं आमचं म्हणणं नाही. आईचं नाव तिच्यावर घालता येईल का, एवढं विचारलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. वहिनीचा मात्र फोन आला होता. पत्र तिने वाचलं आहे, आणि तिच्या माहेरच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते कुठे बघता येईल, असं ती विचारत होती.