नाण्याचे मोल

रुपया हाती आला की तो दगडावर वाजवून पाहावा, अशी आपल्याकडे जुनी रीत होती. नाद खणखणीत निघाला, तरच तो रुपया खरा. त्या रुपयाच्या बारा भागांत अकरा भाग चांदी असे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४० साली, सरकारने चांदी निम्म्यावर आणली. १९४७ साली रुपया निकेलचा झाला आणि १९९२ पासून तो स्टेनलेस स्टीलचा झाला. चांदी गेली, नादही गेला. मग सरकारने प्रजेला फसविले, असे म्हणावे काय?

मला तसे वाटत नाही. धातू महाग झाला आणि नाण्यातील धातूची किंमत नाण्यावर छापलेल्या किमतीहून अधिक झाली, की लोक नाणी साठवू लागतात, वितळवू लागतात. बाजारात सुटे पैसे मिळेनासे होतात आणि भाजीवाल्यापासून गिऱ्हाइकापर्यंत सर्वांचीच अडचण होते. अशा वेळी स्वस्त धातू वापरणे हा शहाणपणाच होय.

मात्र हा बदल उघडपणे केला पाहिजे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने १५४४ पासून चांदीच्या नाण्यांत तांबे भरमसाट मिसळले व वरून चांदीचा पातळ थर ठेवला. नाणी हातोहाती फिरून झिजली, तेव्हा त्यांवरील राजाच्या चित्राचे नाक प्रथम तांबडे दिसू लागले. लोकांनी त्याला 'तांबड्या नाकाचा राजा' असे नावच ठेवले! व्यापारी त्या नाण्यांना कमी मोल देऊ लागले. शेवटी त्याची कन्या राणी एलिझाबेथ हिने १५६० साली ती हिणकस नाणी परत घेण्याचे ठरविले आणि चांगल्या चांदीची नाणी चालू केली.

तांबे हा काही हलका धातू नव्हे. हलके होते ते राजाचे वागणे. आपण स्टीलचा रुपया निःशंकपणे घेतो, कारण तो चांदीचा आहे असे कोणी भासवीत नाही; आणि दुकानदार तो रुपयालाच घेईल, अशी आपली खात्री असते. ही खात्री हेच नाण्याचे खरे मोल होय. सरकारने धातू खुशाल बदलावा. परंतु लोकांपासून तो लपवू नये.