डॉक्टरीण हवी, पण मुलगी कुणाची?

दूरदर्शनवरची ‘आनंदी गोपाळ’ मालिका आमच्या पिढीने पाहिली. लक्षात राहिला तो गोपाळरावांचा हट्ट आणि बोटीचा प्रवास. आनंदीबाई डॉक्टर का झाल्या, हे मात्र मागे पडले. माहेर आपल्या कल्याणचे. चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहा दिवसांत गेले. बायका पुरुष डॉक्टरला दुखणे सांगत नसत. म्हणून त्या फिलाडेल्फियाला शिकल्या, १८८६ साली एम.डी. झाल्या. पुढच्याच वर्षी वारल्या, तेव्हा बावीसही पूर्ण नव्हती.

वैशाखऱ्यात आजही अम्मी म्हणते, “डॉक्टरीणबाई असेल तरच येते.” आणि दहावी झाली की त्याच घरातली मुलगी घरी बसते. बहिणींनो, डॉक्टरीण हवी तर कुणाला तरी मुलगी शिकवावीच लागेल. ती आपली का नको?