फुलाचा फोटो, अ‍ॅपने सांगितलेलं नाव आणि कळलावीचा कंद

पावसाळा लागला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. रानातल्या रोपाचा फोटो, खाली गुगल लेन्सचा स्क्रीनशॉट आणि प्रश्न: "हे खातात ना?" फोटोवरून झाडं ओळखणारी अ‍ॅप्स मीही वापरतो आणि ती खरंच सुधारली आहेत. पण अ‍ॅप नाव कशावरून सांगतं, हे आपल्याला कळत नाही. जून २०२५ मध्ये नेमका हाच मुद्दा ऐरणीवर आला.

तेव्हा आयनॅचरलिस्टला गुगलच्या दानसंस्थेकडून १५ लाख डॉलरचं अनुदान मिळालं. उद्देश असा की जनरेटिव्ह एआय वापरून अ‍ॅपने नुसतं नाव न देता 'हेच नाव का' तेही सांगावं. जुने सदस्य खवळले, काहींनी खाती बंद केली. आम्ही फुकट लिहिलेल्या टिपा यंत्राला देणार आणि ते खोटी कारणं ठामपणे रचणार, अशी त्यांची तक्रार. मला यातला दुसरा भाग जास्त गंभीर वाटतो. नुसत्या नावावर आपण एकवेळ शंका घेऊ, पण सोबत छानसं कारण असेल तर कोण घेणार?

आत्ताचं मॉडेल तुमचा फोटो शिकलेल्या फोटोंशी ताडून पाहतं, तुम्ही कुठे आहात तेही बघतं. पण साधारण शंभरेक फोटो जमलेल्या जातीच त्याला शिकवल्या जातात. सह्याद्रीच्या सड्यांवर कंदीलपुष्पाच्या काही जाती आहेत, ज्या जगात दुसरीकडे सापडत नाहीत. एखादीचे पुरेसे फोटो नसतील तर तिचं नाव मॉडेलला सुचूच शकत नाही, ते जवळच्या भावंडाचं नाव पुढे करतं. आयनॅचरलिस्ट निदान 'खात्री नाही' म्हणून वरचा गट सुचवतं. लेन्स मात्र दिसायला जुळणारे फोटो समोर टाकून मोकळं होतं.

आता कळलावी घ्या. काही भागांत तिला गौरीचे हात म्हणतात. लाल-पिवळ्या, ज्वाळेसारख्या वर वळलेल्या पाकळ्या. असं फूल फोटोत असेल तर कुठलंही बरं अ‍ॅप सहसा चुकत नाही. पण विषाचा साठा कंदात जास्त, आणि उकरलेल्या कंदाच्या फोटोत ओळखीची खूण जवळजवळ उरत नाही. रताळं किंवा रानकंद समजून तो खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. त्यातलं कोल्चिसिन गाऊटवर मोजून-मापून औषध म्हणून देतात, इतकं ते जहाल.

रानभाज्यांचा घोळ त्याहून अवघड. लोक फोटो काढतात फुलांचे, त्यामुळे मॉडेलही जास्त शिकतं फुलांवरूनच. भाजी मात्र आपण फुलायच्या आधी, कोवळी असताना खुडतो. फोडशी पहिल्या पावसानंतर गवतासारख्या पातींची असते, तेव्हा फुलाचा पत्ता नसतो. म्हणजे अ‍ॅप जिथे सर्वांत कच्चं, तिथेच आपण त्याला विचारतोय, आणि तेही ताटात वाढण्यासाठी.

हौसेने ओळखायचं असेल तर खुशाल ओळखा, फक्त एका फोटोवर थांबू नका. फूल समोरून आणि बाजूने, पानाची खालची बाजू, पानं खोडाला कशी जोडलीत ते, आणि आख्खं रोप. कळलावीत पानाचं टोक स्प्रिंगसारखं वळून आधार पकडतं. फूल नसतानाही दिसणारी ही खूण जवळून घेतलेल्या फुलाच्या फोटोत येतच नाही. आयनॅचरलिस्टवर 'रिसर्च ग्रेड' दिसलं तर एवढंच समजा की किमान दोघांचं, आणि मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त जणांचं एकमत झालंय. तेही बहुतेक वेळा तोच फोटो बघून मत देतात. खायचं असेल तर ती भाजी दरवर्षी खुडणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष रोप दाखवा.

कुणी चुकून कळलावी खाल्लीच तर उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात. तोवर वाट बघू नका. थेट दवाखाना गाठा आणि उरलेलं रोप कंदासकट पिशवीत घालून सोबत न्या.