मिठूचे पथ्य

ज्या घरात माणसे पुष्कळ, त्या घरात पाळलेल्या पाखराचे लाडही पुष्कळ. कोणी देवपूजा आटोपून नैवेद्याची साखर त्याच्या चोचीत देतो, मुले शाळेतून येताच बिस्किटाचा तुकडा पिंजऱ्यात सारतात, आणि स्वयंपाकघरातून बाहेर येणारे प्रत्येक माणूस ताटातले काही ना काही त्याच्यासाठी राखून आणते. आल्यागेल्यास याचे मोठे कौतुक वाटते. आम्हांसही वाटत असे. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरी जे घडले त्यावरून या कौतुकाचा हिशेब एकदा नीट मांडावा असे वाटू लागले, आणि तोच आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

नागपुरास धंतोलीतील आमच्या घरी आम्ही लहानमोठी अकरा माणसे, आणि बारावा मिठू. मिठू हा कॉकॅटील जातीचा, मूळ ऑस्ट्रेलियाकडचा, करड्या रंगाचा व डोक्यावर तुरा असलेला लहानसा पोपट. सूर्यफुलाच्या बियांखेरीज वाटीतल्या कशासही तो चोच लावीत नसे. मात्र ताटातले सर्व काही त्याला चाले. रविवारच्या तर्री-पोह्यांवरची शेव, चिवडा, चहात बुडविलेले बिस्कीट, काहीही चाले. भाजीचे पान दिसले की स्वारी पाठ फिरवून बसे. "त्याला आवडतच नाही, त्याला तो तरी काय करणार?" असे म्हणून आम्ही सारे हसत असू.

पावसाळ्यात त्याच्या पिसांची तकाकी गेली, चोच वेडीवाकडी वाढू लागली, आणि खोलीत एक फेरी मारताच तो धापा टाकू लागला. पशुवैद्यांनी त्याला तपासून यकृतावर मेद चढल्याचे सांगितले, आणि शांतपणे एवढेच विचारले, "याला खाऊ कोण कोण घालतात?" त्या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हांला अकरा नावे घ्यावी लागली.

सोललेल्या सूर्यफुलाच्या बीत वजनाने जवळजवळ निम्मे तेल असते. कॅल्शियम त्यात फार थोडे, आणि 'अ' जीवनसत्त्व तर नसल्यासारखेच. रानातला कॉकॅटील गवताचे बारीक दाणे टिपतो, पण त्यासाठी दिवसभर कोसच्या कोस उडतो. पिंजऱ्यातल्या पाखरास ते श्रम कोठून? तेव्हा खाल्लेले तेल अंगी साठते, आणि 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी तोंडाची व श्वासमार्गाची आतली त्वचा बिघडून रोगास वाट मिळते. शिवाय शंभर ग्रॅम वजनाच्या पाखरास आपण एक ग्रॅम बिस्कीट देतो, तेव्हा साठ किलोच्या माणसापुढे सहाशे ग्रॅम बिस्किटे ठेवण्यासारखेच ते होते. आपल्या दृष्टीने तो केवळ एक कण असतो!

हे ऐकताना आम्हांस आमच्या आजीचा राघू आठवला. आम्ही लहान असताना महालातल्या जुन्या वाड्यात तिच्या पलंगाशी त्याचा पिंजरा टांगलेला असे. आजी त्याला भिवापूरची मिरची देई, भिजविलेली डाळ देई, आणि दुपारच्या चहाबरोबर बशीतली खारीही देई. एका चैत्रात तो सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी निपचित पडलेला आढळला. आजी दोन दिवस जेवली नाही. दृष्ट लागली असे सर्वांनी ठरविले. खरे कारण काय होते ते आता कोण सांगणार? परंतु मिठूचे निदान ऐकल्यावर त्या खारीची आठवण आम्हांस सुखाने आठवता येत नाही. गमतीची गोष्ट अशी की, जिच्याबद्दल सारे आजीला बोलत, ती मिरचीच त्यातली हितकर वस्तू होती. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, आणि जीवनसत्त्वे तिच्यात भरपूर असतात.

असो. मिठूचे पथ्य सुरू झाले. बियांचा डबा काकूंच्या स्वाधीन झाला. एकच हात आणि एकच वाटी, असा नियम ठरला. पाखराचे खाणे एकाएकी तोडू नये, कारण इतक्या लहान जिवास एका दिवसाचा उपवासही घातक ठरू शकतो. म्हणून सकाळी पोट रिकामे असताना आधी बारीक चिरलेले गाजर, लाल भोपळा, मेथी, कोथिंबीर व शेवग्याचा पाला ठेवावयाचा, आणि तासाभराने मोजके दाणे. त्या दाण्यांतही सूर्यफूल हळूहळू कमी करून राळे, बाजरी व पोपटांसाठी मुद्दाम तयार केलेले दाणे वाढवावयाचे. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घेऊन ते वहीत टिपावयाचे. दहावा हिस्सा वजन झपाट्याने उतरले तर पथ्य थांबवून वैद्य गाठावा, अशी ताकीद होती.

पहिल्या दिवशी वजन ११८ ग्रॅम भरले. आठ दिवस मिठूने भाजीकडे पाहिलेही नाही, आणि आठव्या दिवशी वजन भरले १२०! भाजी जशीच्या तशी, दाणे निम्मे, आणि वजन मात्र वाढलेले. हे गूढ काकूंनी रात्री पाणी प्यावयास उठल्या असता उकलले. आमचे अण्णा अंधारात पिंजऱ्यापाशी उभे राहून शेंगदाणे सोलीत होते. एक मिठूला आणि एक स्वतःला.

अण्णांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्या ताटातला भात, बटाटा व संत्राबर्फी आम्हीच बंद केली आहे. दुसऱ्या दिवशी ते एवढेच म्हणाले, "पथ्य म्हणजे काय ते या घरात मला ठाऊक आहे. त्याला एकट्याला ते करावे लागू नये, असे वाटले." यावर कोणास काही बोलता आले नाही. आम्ही अण्णांना पथ्य सांगितले होते. परंतु त्यांच्याबरोबर ते जेवावयास आमच्यापैकी कोणी बसले नव्हते.

उपाय त्यातूनच निघाला. पोपट हा थव्याने राहणारा पक्षी. अनोळखी वस्तूस तो भितो, पण सोबतीचा कोणी ती खाताना दिसला की त्याची भीड चेपते. तेव्हापासून सकाळी अण्णा पिंजऱ्यासमोर पाट मांडून गाजर-काकडीची कोशिंबीर खाऊ लागले, आणि मुलेही वाट्या घेऊन त्यांच्या पंगतीस बसू लागली. मिठूचा भाग मीठ व फोडणी घालण्यापूर्वीच वेगळा काढीत असू. विसाव्या दिवशी काकूंनी मेथीची ओली जुडी पिंजऱ्यात टांगली. मिठूने आधी तीत अंग घोळून स्नान केले, मग एक पान तोडले, फेकले, आणि दुसरे खाल्ले. तीन महिन्यांनी वजन १०४ ग्रॅमांवर आले, पिसांस तकाकी आली, आणि अण्णांची रक्तशर्कराही पूर्वीपेक्षा बरी निघाली.

आणखी दोन गोष्टी सांगून आटोपते घेतो. चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, खारट पदार्थ आणि विशेषतः अ‍ॅव्होकॅडो हे पोपटास अपायकारक आहेत. त्यांचा कणही देऊ नये. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात चिरलेली भाजी तास-दीड तासापलीकडे पिंजऱ्यात राहू देऊ नये.

दुसरी गोष्ट देशी राघूची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्याकडचे देशी पोपट पकडणे, विकणे व घरी पाळणे आज गुन्हा आहे. आजीच्या काळचा रिवाज आता चालणार नाही, आणि चालू नये. कोणाच्या घरी असा राघू असेल तर त्याला आपल्याच हाताने उडवून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्यास रानात अन्न शोधता येत नाही. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. तेथे त्याला सोपवावे हेच त्याचे खरे पथ्य.

काकूंची वही अजून चालू आहे. हल्ली तिच्यात रोज दोन आकडे असतात. वरचा मिठूचा, खालचा अण्णांचा.