रोपांची गणती आणि सावलीचा हिशेब

पावसाळा आला की वृक्षारोपणाचे फलक झळकतात, मान्यवर येतात, छायाचित्रे निघतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण या सोहळ्यांकडे आता संशयाने पाहतात. ‘उन्हाळ्यात पाणी कोण घालणार?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. काही वडीलधाऱ्यांना त्यात उर्मटपणा दिसतो. आम्हांस त्यात विवेक दिसतो.

हा संशय निराधार नाही. राज्य शासनाने १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात २ कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला. पुढे ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी असे लक्ष्य चढत गेले. ती शेवटची मोहीम ३० सप्टेंबरला संपली आणि ४ ऑक्टोबरच्या रात्री मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रो कारशेडसाठी वृक्षतोड सुरू झाली. दोन हजारांहून अधिक झाडे पडली, विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली आणि त्यांत विद्यार्थीही होते. सत्तांतरानंतर २०२१ मध्ये त्याच वृक्षलागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळ समितीची घोषणा झाली. झाड एका पक्षाच्या प्रचाराचे व दुसऱ्याच्या आरोपाचे साधन झाले, तर तरुणांनी विश्वास कशावर ठेवावा?

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस येथे सम्राट अशोक आठवतो. माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेने वड लावल्याचे तो सातव्या स्तंभलेखात सांगतो. परंतु विनाकारण जंगल जाळू नये, अशी आज्ञाही त्याच्याच पाचव्या स्तंभलेखात आहे. लावणे आणि राखणे हा एकच धम्म होता. आज पहिल्याचा उत्सव होतो आणि दुसऱ्याचा विसर पडतो. लावलेले रोप पडलेल्या जुन्या झाडाची सावली अनेक वर्षे देऊ शकत नाही.

सावलीची वाटणीही समान नाही. पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांत आणि चाकणच्या कामगार-खोल्यांत पत्र्याखाली राहणाऱ्यांना वाढत्या उष्म्याची झळ सर्वांत आधी बसते. पेशवाईत याच पुणे परिसरात आमच्या पूर्वजांच्या सावलीचाही विटाळ मानला जात असे. त्यांची नातवंडे-पतवंडे आज सावलीचा हिशेब मागत आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

मात्र संशय हा मुक्काम नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद ५१ क ने निसर्गरक्षण आणि शोधक बुद्धी ही दोन्ही आपली कर्तव्ये ठरविली आहेत. प्रश्न विचारून हात झटकणारा अर्धेच कर्तव्य करतो. म्हणून माजी विद्यार्थ्यांना, विशेषतः चाकण-भोसरीच्या कारखान्यांत जबाबदारीच्या पदांवर असणाऱ्यांना, आमची विनंती आहे: आपल्या आस्थापनेत किती रोपे लावली हे विचारू नका, तिसऱ्या उन्हाळ्यात किती जगली, ते विचारा. आपल्या वस्तीत एकच झाड लावा, पण त्याच्या सावलीत कोणी बसेपर्यंत त्याला पाणी घाला.