आणि पेत्रालाही

उपवासकाळाचे चाळीस दिवस सरतात, उत्तम शुक्रवारची दुपार क्रुसावरील सात उद्गार ऐकण्यात उलटते, आणि मग ती पहाट येते जिच्यासाठी आपण झुंजूमुंजू होण्याआधीच उठून, मुलाबाळांना नवे कपडे घालून उपासनेला निघतो. यंदा, २०२६ साली, पुनरुत्थानाचा हा रविवार ५ एप्रिलला आला आहे. पंडिता रमाबाईंचा हाच स्मृतिदिन. १९२२ साली याच तारखेला केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या प्रभूमध्ये झोपी गेल्या. असा योग आला की सणाच्या आनंदातही एक अवघड विचार मनात रेंगाळतो: मागल्या आयुष्याची लाज उराशी घेऊन आपल्या बाकावर येऊन बसणाऱ्यांना या पहाटेत कितपत वाटा मिळतो?

मार्काच्या शुभवर्तमानात रिकाम्या कबरेपाशी स्त्रियांना जो निरोप मिळतो, तो शिष्यांसाठी आहे. पण त्यात पेत्राचे नाव वेगळे घेतले आहे. घ्यावेच लागले असावे. महायाजकाच्या अंगणात, एका दासीने हटकले एवढ्यावरून ज्याने गुरूची ओळख नाकारली आणि मग ऊर फुटेस्तोवर रडला, तो स्वतःला शिष्यांत कशाला मोजेल? पस्तावा यहूदालाही झाला होता, हे आपण बहुधा विसरतो. तीस नाणी त्यानेही परत नेऊन टाकली. मात्र तेथून तो एकटाच निघून गेला. पेत्र सोबत्यांमध्ये राहिला, त्यांच्याबरोबर मासे धरायला गेला. पुढे तिबिर्याच्या काठी, पेटलेल्या कोळशांजवळ, त्याला तीनदा विचारले गेले ते प्रेमाविषयी. झाल्या रात्रीचा जाब कोणी मागितला नाही, आणि प्रत्येक उत्तरासरशी कळप मात्र त्याच्या हवाली झाला.

पेत्राची लाज निदान त्याच्या स्वतःच्या करणीची होती. रमाबाईंनी ज्यांना जवळ केले त्यांच्या माथी ती इतरांनी मारलेली होती. दुष्काळात आईवडील गमावलेल्या आणि १८८२ साली वैधव्य आलेल्या रमाबाईंना हा फरक कोणी शिकवायला नको होता. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले ते विधवांसाठी. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली-बायका आणल्या, आणि ज्यांना समाज ‘बिघडलेल्या’ म्हणून दूर लोटत होता त्यांच्यासाठी केडगावला कृपा सदन उभे केले. अत्याचार सोसलेल्या बाईला पापक्षमेचाच उपदेश करीत राहणे हा आमच्या मते दुसरा अत्याचार होय. केडगावात प्रार्थनेबरोबर विणकाम होते, शेती होती, छापखाना होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या पश्चात, १९२४ साली प्रसिद्ध झाले, ते याच छापखान्यातून. त्याचे खिळे जुळवणारे हात तिथल्याच स्त्रियांचे होते.

आपल्या मंडळ्यांत साक्ष देण्याची जुनी रीत आहे, आणि ती चांगलीच आहे. दारू सोडलेला, तुरुंगातून सुटून आलेला, घर मोडून पुन्हा सावरलेला माणूस उभा राहून बोलतो, आपले डोळे भरून येतात, ‘आमेन’ होते. पण ऐकणाऱ्यांना साक्षीतला पूर्वार्ध जरा जास्तच आवडतो, हेही खरे. दर वर्षी त्याच माणसाकडून तीच पडझड ऐकायची हौस आपल्याला असते, आणि त्याच्या मुलीचे स्थळ सुचवायची वेळ आली की तोच पूर्वार्ध आपण एकमेकांच्या कानात सांगतो. देवाने मागले आठवणे सोडले, यावर आपला विश्वास आहे. मंडळीची स्मरणशक्ती मात्र तल्लख राहते. ईस्टरनंतर ठिकठिकाणी नव्या कमिट्या बसतील, शब्बाथशाळेचे वर्ग वाटले जातील, अर्पणाची पिशवी कोणी फिरवायची ते ठरेल. ज्यांच्या साक्षीला आपण ‘आमेन’ म्हटले, त्यांची नावे या याद्यांत किती येतात, ते तेव्हा पाहू.