मोतीबिंदूबरोबर काचबिंदूही असेल तर?

घरातल्या वडीलधाऱ्यांना अंधुक दिसू लागले की आपण म्हणतो, "मोतीबिंदू असेल, पिकू द्या, मग शिबिरात नेऊ." परंतु त्याच डोळ्यात काचबिंदूही असू शकतो. नावे सारखी असली तरी हे दोन वेगळे आजार आहेत.

मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत बहुधा डोळ्यातल्या पाण्याचा निचरा अडतो, दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. बहुतेकदा काही दुखत नाही. कडेची नजर आधी जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही.

दोन्ही आजार असतील आणि थेंबांनी दाब आटोक्यात राहत नसेल, तर डॉक्टर दोन्ही ऑपरेशने एकाच वेळी करू शकतात. भिंग बदलतात आणि वरच्या पापणीखाली, बुबुळाच्या कडेजवळ, पाणी झिरपायला बारीक वाट करून देतात. तिला ट्रॅबेक्युलेक्टमी म्हणतात. ही पद्धत १९६८ साली डॉ. केर्न्स यांनी मांडली. दोनदा भूल नको, दोनदा खाडा नको, हा रोजंदारीवाल्यांचा मोठा फायदा. मात्र हे सर्वांना लागू नाही. काचबिंदू सौम्य असेल तर मोतीबिंदू काढून थेंब चालू ठेवणेही पुरते. निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनीच घ्यायचा.

ऑपरेशननंतर पुरते दिसले नाही की वस्तीत बोलले जाते, "डॉक्टरने डोळा घालवला." म्हणून आधीच विचारावे, "साहेब, दाब किती आहे? नस किती शिल्लक आहे?" मोतीबिंदूने झाकलेले परत मिळेल, काचबिंदूने नेलेले नाही. जे उरले ते राखण्यासाठीच हे दुसरे ऑपरेशन.

त्यानंतर तपासणीच्या तारखा चुकवू नयेत. डोळा चोळू नये. डॉक्टरांना न विचारता थेंब बंद करू नयेत, मेडिकलमधून परस्पर आणूही नयेत. स्टेरॉईडच्या थेंबांनी दाब वाढू शकतो. वर्षांनंतरही डोळा लाल झाला, दुखला किंवा चिकट पाणी आले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावे. कामगार विमा असेल तर त्या दवाखान्यात चौकशी करावी. आणि घरात एकाला काचबिंदू निघाला, तर चाळिशी ओलांडलेल्या भावंडांनी व मुलांनी आपलेही डोळे तपासून घ्यावेत.